शेवटचा जड भाग

“पुन्हा तेवढाच वेळ,” वस्ताद म्हणाला आणि त्याने स्टॉपवॉच खिशात टाकलं.

चष्मेवाला हेल्मेट काढून बोनेटला टेकला. घामाने निथळत होता, धाप लागली होती. समोरच्या शेडमध्ये त्याचा साडू आपल्या गाडीवर मऊ फडकं फिरवत शीळ घालत होता.

दोघांच्या गाड्या सख्ख्या बहिणी, दोघांच्या बायका होत्या तशाच. एकाच कारखान्यातून, एकाच ट्रकमधून, सुट्या भागांच्या पेट्यांत बसून आलेल्या. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन. दार नाही, छप्पर नाही, कसले लाड नाहीत. चष्म्यांचं दुकान बंद करून आला की चष्मेवाला आपल्या गाडीजवळ बसायचा. वर्षभर एकेक बोल्ट आवळत त्याने ती उभी केली होती. पहिल्यांदा ट्रॅकवर काढली तेव्हा डांबरावरचा खडासुद्धा तळहाताला कळला आणि त्याला हसूच फुटलं. मोठ्या, महागड्या गाड्या सरळ पट्ट्यात पुढे जायच्या; वळण आलं की ही त्यांच्या आतून सुर्रकन निसटायची.

फक्त साडू मागे पडत नव्हता. तो काडीपैलवान दर शर्यतीत केसभर पुढे. आणि सासुरवाडीच्या पंगतीत ती शर्यत तो मिठासारखी प्रत्येक ताटात वाढायचा.

“अजून काय काढू?” चष्मेवाल्याने विचारलं. “शेजारची सीट काढली, जादा चाक काढलं, पायाखालचं रबर काढलं.”

“गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही, शेठ.” वस्तादाने हात पुसले. गाड्या ट्यून करण्यात त्याचा हात धरणारा त्या ट्रॅकवर कोणी नव्हता. “एकच भाग जड आहे. स्टीअरिंगमागे बसतो तो.”

चष्मेवाल्याची बायको जवळच खुर्ची टाकून विणत बसली होती. तिने मान वर केली नाही.

वजनाचं हे काही नवीन नव्हतं. चष्मेवाल्याचे वडील पन्नाशी गाठायच्या आतच, दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्याची आठवण करून देऊन डॉक्टरांनी त्याला चांगलं खडसावलं होतं. तो “हो हो” म्हणाला आणि घरी जाताना बेकरीपाशी थांबला. बायको रुसली, रडली, तिने अबोला धरून पाहिला. त्याने अजिबात दाद दिली नाही.

पण आता प्रश्न गाडीचा होता.

“उद्यापासून तळलेलं बंद,” त्याने घरी आल्या आल्या जाहीर केलं.

“बरं.”

“साखरसुद्धा. आणि दुकानात चालत जाणार.”

“बरं.”

“तू काहीच म्हणणार नाहीस?”

“अहो, गाडीचा विषय. मला त्यातलं काय कळतं?”

तो खरंच चालायला लागला. आधी दमायचा, मग हळूहळू पाय आपोआप झपझप पडायला लागले. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गिऱ्हाइकं नवा चष्मा लावूनही त्याला ओळखेनात. दर रविवारी सकाळी बायको त्याला वजनकाट्यावर उभं करायची, आकडा बघायची आणि दोघं ट्रॅकवर जायचे.

वेळ मात्र हलेना.

“वस्ताद, काहीतरी घोळ आहे,” तो एकदा वैतागून म्हणाला. “मी एवढा उतरलो आणि गाडी तशीच. वळणात तर उलट आणखी खाली बसल्यासारखी वाटते.”

वस्ताद गाडीखाली शिरला, बराच वेळ खुडबुड करून बाहेर आला. “सगळं जागच्या जागी आहे, शेठ. अजून थोडं उतरवा.”

चष्मेवाल्याला वाटलं, द्यावा नाद सोडून. तेवढ्यात पलीकडून शीळ ऐकू आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा बूट घालून दारात उभा होता.

हंगामातली शेवटची शर्यत आली. सुरुवातीपासून साडू पुढे, हा त्याच्या शेपटीला. एरवी शेवटच्या फेऱ्यांत याची मान लुळी पडायची, मनगटं बधिर व्हायची, आणि तिथेच साडू निसटायचा. आज श्वास शांत होता. डोळ्यांना पुढचं वळण लख्ख दिसत होतं.

शेवटच्या लांब वळणावर साडूने ब्रेक दाबला. चष्मेवाल्याने क्षणभर धीर धरला, मग दाबला. मागची चाकं घसरली. त्याने बोटांच्या टोकांवर गाडी तोलली, नाक आत घातलं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. दोन्ही गाड्या चाकाला चाक लावून बाहेर पडल्या. रेषा मात्र याने आधी ओलांडली, जेमतेम नाकभर फरकाने.

साडूने येऊन त्याला कडकडून मिठी मारली. “साडूभाऊ, मानलं तुम्हाला! त्या वळणाला असा आत शिरणारा माणूस मी नाही पाहिला.”

बायको पुढे आली. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तिचे डोळे भरले होते.

“बघितलंस?” तो म्हणाला. “हलकं झाल्याचा फायदा!”

वस्तादाने जॅक लावला आणि तो गाडीखाली शिरला. पान्याचा आवाज आला. मग एकामागून एक शिशाच्या जाडजूड पट्ट्या फरशीवर येऊन पडायला लागल्या. चष्मेवाला एक उचलायला वाकला. एका हाताने ती उचलेना.

“वहिनी,” गाडीखालून वस्ताद म्हणाला, “दर आठवड्याला ह्यांचं जेवढं उतरलं, तेवढं शिसं तुम्ही सांगितल्याप्रमाणे भरत गेलो. आता काढलं तर चालेल ना?”