ओर्सासाठी एक आठवण

ओर्सा मेली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. रोलँडने फाशाकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "सॉरी, मार्लिस. गेली ती."

मार्लिसने समोरचा कागद उलटा ठेवला. ओर्सा हे तिचं खेळातलं पात्र, अकरा वर्षं सांभाळलेली वैदू. दर शनिवारी चार वाजता रोलँडच्या तळघरात कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन सगळे बसायचे. रोलँड गोष्ट पुढे न्यायचा, आणि त्या गोष्टीत ओर्सा सगळ्यांच्या मागून झोळी घेऊन चालायची. कुणी पडलं की पट्टी बांधायची. मार्लिसचा आठवडा म्हणजे हा एवढा शनिवार. बाकीचे दिवस ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या पाळीला दुधाचे नमुने तपासायची. त्या पाळीला ती एकटीच असायची.

फ्रीझरच्या दारावर रोलँडचे घरचे नियम चिकटवलेले होते. खेळाच्या छापील पुस्तकात काही का असेना, या टेबलावर मेलेला सहजासहजी उठत नसे. हाक येईपर्यंत मेलेल्याने तोंड उघडायचं नाही. सोबत्यांनी एकेक आठवण सांगायची, पात्राची नाहीतर ते खेळणाऱ्याची, पण खरी. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. अठरा किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. दर खऱ्या आठवणीमागे तीन कमी. फासा लागला तर नाव घेऊन एकदाच विचारायचं, येतेस का परत? मेलेल्याने मोठ्याने हो म्हटलं तरच तो उठतो.

मार्लिसने मनातल्या मनात मांडून पाहिलं. तीन सोबती, तीन आठवणी, म्हणजे नऊ. विसात बारा वेळा जमतं. एकही आठवण नसेल तर विसात तीन.

किपच्या योद्ध्याला तिने चार वेळा परत आणलं होतं. त्यासाठी घरी एक वही होती. कोण कधी काय बोललं, कुणी कुणासाठी पुलावर शत्रू रोखून धरला, सगळं त्यात तारखेनिशी लिहिलेलं होतं.

"किप, तू बोल," रोलँड म्हणाला.

किपने मान खाजवली. "तिच्या त्या रूबार्बच्या वड्या. दर शनिवारी आणते. त्या खाऊन माझा पट्टा दोन भोकं सैल झालाय."

"त्या वड्या तुझी बायको आणायची. पहिली," रोलँड म्हणाला.

"हो का? मग मार्लिस काय आणते?"

टेबलावर हॅम सॅलडच्या बनांचं ताट रिकामं पडलं होतं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मार्लिसला बोलायची मुभा नव्हती.

"फार चांगली होती हो," रोलँडची बहीण आर्डिस म्हणाली. "कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"हे मत झालं, आर्डिस. आठवण सांग."

"अरे, ती कधी काही करतच नाही तर आठवू काय?" असं बोलून गेल्यावर आर्डिस फाशांची डबी नीट लावत बसली.

राहिली ट्रूडी. ती गावातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवायची आणि नाताळनंतरच या टेबलावर आली होती. ती मार्लिसकडे बराच वेळ बघत राहिली. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"मला नाही काही आठवत," ती म्हणाली. "मी नवीन आहे."

रोलँडने फासा टाकला. सोळा.

"थोडक्यात हुकलं," किप म्हणाला.

रोलँडने ओर्साचा कागद मेलेल्यांच्या पेटीत ठेवला आणि मार्लिसला एक कोरा कागद दिला. "पुढच्या वेळी नवीन कुणीतरी घेऊन ये. धनुर्धारी घे, मजा येते." मार्लिसने मान हलवली, ताट उचललं आणि जिना चढली.

पुढच्या शनिवारी दुपारपासून बर्फ पडत होता. चार वाजून वीस मिनिटं झाली तरी मार्लिस रोलँडच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर गाडीतच बसून होती. मांडीवर बनांचं ताट, ताटावर तो कागद, अजून कोराच. तळघराच्या खिडकीत दिवा दिसत होता. खेळ सुरू झालेला असणार. फोन कुणाचाच आला नव्हता. आणखी पाच मिनिटं थांबून घरी जायचं तिने ठरवलं.

शेजारी ट्रक येऊन थांबला. ट्रूडी खाली उतरली आणि तिने काचेवर टकटक केलं. मार्लिसने काच खाली घेतली.

"आज फेरी लांबली माझी," ट्रूडी म्हणाली. "ऐक. त्या दिवशी माझ्याकडे एक आठवण होती. शनिवारी तीन वाजता मी हा कोपरा साफ करते. तुझी गाडी इथेच असते. इंजिन बंद, मांडीवर ताट. तासभर बसतेस आणि चारच्या ठोक्याला दार वाजवतेस, आत्ताच आल्यासारखी. मागच्या हिवाळ्यापासून बघतेय." तिने बाहीने नाक पुसलं. "सगळ्यांसमोर सांगितलं तर तुला कसंतरी होईल, असं वाटलं. म्हणून गप्प बसले."

अठरातून तीन गेले की पंधरा. पडले होते सोळा. ट्रूडीनेही ती वजाबाकी केली होती. नजर चुकवत उभी होती त्यावरून कळत होतं.

"म्हणजे फासा लागला होता," ती म्हणाली. "फक्त विचारायचं राहिलं." तिने हातमोजा काढला आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवला. "मार्लिस, येतेस का परत?"

मार्लिसला दोनदा घसा साफ करावा लागला.

"हो," ती म्हणाली. गेल्या शनिवारी साडेपाच वाजल्यापासून तिच्या तोंडून निघालेला तो पहिलाच शब्द होता.