न निवडलेली जाहिरात

काकू शिवणकामाचा ब्लॉग लिहायची. आधी तिथे कर्जाच्या नि वजन घटवायच्या जाहिराती नाचायच्या. वाचक वैतागून निघून जायचे आणि हाती चहापुरतेही पैसे यायचे नाहीत. शेवटी तिने त्या बंद करून दोरे, कात्र्या, बटणं एवढ्याच ठेवल्या. वाचक रेंगाळू लागले, कमाईने बाळसं धरलं, घरात आनंदीआनंद झाला.

सगळ्यात जास्त पैसे देणारी जाहिरात मात्र तिने निवडलीच नव्हती. पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी, चेहरा फक्त नाकाच्या खालचा दिसणारा. खळखळून हसताना पुढचा एक दात पडलेला.

"अगं, दुभत्या गाईला कुणी हाकलतं का?" ती जाहिरातही काढावी का, असं तिने विचारल्यावर काका म्हणाला.

काकू हसत मशीनकडे वळली. पुतणीचा वाढदिवसाचा फ्रॉक तिने अजून कुणालाच दाखवला नव्हता. तोही पिवळाच. खिसा तिच्या हातून जरा तिरका बसला होता.

तिने पडद्याकडे पाहिलं. जाहिरातीतल्या फ्रॉकचाही खिसा तिरकाच.

"छे! आमच्या पोरीचे दात तर सगळे जागेवर आहेत," ती पुटपुटली.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. पुतणी नाचतच आत आली, मूठ पुढे करून.

"काकू, बघ ना! आत्ताच पडला!"