ओंजळ

घाटंजीत दारू सोडलेले पाच गडी एकाच खोलीत राहत. नेम त्यांनीच ठरवलेला: नव्या माणसाला पहिलं पाणी शेवटी आलेल्यानं पाजायचं, सगळ्यांच्या उष्ट्या गडव्यातून. शेवटी आला होता उकंडा. आज दारात गावठी भट्टीचा मालक उभा होता, आपल्याच दारूनं पोखरलेला. उकंडानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तरी यानं त्याला पेला शिवू दिला नव्हता. वरून ओंजळीत ओतायचा. कापऱ्या हातांतून सांडली की म्हणायचा, "चाट आता." उकंडानं चाटलीही होती. "पाणी दे गा त्याले," खोलीतला श्रावण म्हणाला. "ओंजळ धरा, मालक." "आपला असा नेम नाई, उकंडा," श्रावणानं हटकलं. उकंडानं गडवा उंच धरून पाणी ओतलं. थरथरत्या ओंजळीत थेंब राहीना. सात वर्षं जपलेले ते दोन शब्द उकंडाच्या ओठांवर आले, पण मालक आधीच जमीन चाटत होता.