मागच्या पेटीतलं शेवाळ

शेवाळ आज आणखी पिवळं पडलं होतं. सारिकानं बाही वर सारली, मागच्या काचपेटीत हात घातला आणि गुंता उचलून पाहिला. महिन्यापूर्वी कसा हिरवागार, चिवट होता. आता बोटांत धरला तर उकडलेल्या शेवयांसारखा लिबलिबीत.

"काय व्हयनं वं?" मागून सासूबाईंचा, मंजुळाबाईंचा आवाज आला. "पिवळं पडनं का आजून?"

विचारण्यात काळजी नव्हती, उलट हौसच होती. सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं गुंता परत पाण्यात सोडला.

धुळ्यात, देवपुरातल्या दोन खोल्यांत, खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे म्हणजे हौसेला मोल नाही! नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं, आणि ही सून शुद्ध पाणी विकत आणून त्यात मीठ कालवणार. मंजुळाबाईंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. "पेवाले पानी नही, अन् ही माशेससाठे समुद्र करी ऱ्हायनी."

पण सारिका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिची मांडणी पक्की होती. पुढच्या मोठ्या काचपेटीत मासे, मागच्या लहान पेटीत समुद्री शेवाळ, आणि शेवाळावर त्याचा स्वतंत्र दिवा. माशांची घाण पाण्यात विरघळते, तिच्यावरच शेवाळ पोसतं आणि पाणी निर्मळ ठेवतं. शेवाळ गेलं की पाणी बिघडलं, आणि पाणी बिघडलं की मासे गेलेच म्हणून समजा.

आणि आता तर मासे जायला मुळीच नको होते. काळ्या पट्ट्यांच्या नरानं तोंडात अंडी धरली होती. या जातीत पिल्लं बाप सांभाळतो, तेही तोंडात, आणि ती बाहेर पडेपर्यंत अन्नाला शिवत नाही. हे सांगितलं तेव्हा मंजुळाबाई खो खो हसल्या होत्या. "गडी मानूस उपाशी ऱ्हायस? लेकरंससाठे? माय वं, असा गडी आमना गावमा नही देखा!"

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचं हसणं बंद झालं. जेवणावरच रुसल्या जणू. सारिका ताट वाढायची, त्या दोन घास चिवडून उठायच्या.

सारिकानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. त्यानंतर सासूबाई त्याविषयी चकार शब्द बोलल्या नव्हत्या, बरा नाही की वाईट नाही. "आईचा स्वभावच तसा आहे," तिचा नवरा नवल म्हणायचा. त्याला म्हणायला काय जातंय? तो नोकरीला जळगावला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. स्वतःचं पोर टिकलं नाही आणि आता माशाच्या पोरांसाठी जीव टाकते, हेच सासूबाईंना खुपत असणार. खुपू दे. सारिकाला या वेळी कुणाची तरी पिल्लं जगलेली बघायची होती. माशाची तर माशाची.

तिनं नाशिकच्या चंदनला फोन लावला. शेवाळ त्यानंच दिलं होतं.

"ताई, पाणी फारच स्वच्छ असलं तरी शेवाळ उपाशी मरतं. थोडं लोह घाला. पाणी खेळतं ठेवा. जुना गुंता कापून टाका."

"सगळं करून झालं रे."

"दिवा?"

"नवा आणला. सकाळी लावून जाते. संध्याकाळी येते तेव्हा चालूच असतो."

"मग माझीही मती गुंग झाली, ताई. अंधारात ठेवल्यासारखं पिवळं पडतंय, आणि तुम्ही म्हणता उजेड आहे."

त्या संध्याकाळी सारिकानं सरळच विचारलं. "आई, मी गेल्यावर तुम्ही दिवा बंद करता का?"

"देवीनी शप्पत, मी बटनले हात बी नही लावा."

मंजुळाबाई डोळ्याला डोळा भिडवून बोलल्या. ही बाई तोंडाची फटकळ, पण देवीची खोटी शपथ घेणारी नव्हती. सारिका आणखीच चक्रावली. दिवा चालू, पाणी ठीक, खत ठीक. मग मरतंय तरी कशानं? दुसऱ्या दिवशी वर्गात, पानं उजेडात अन्न कशी तयार करतात ते सांगता सांगता ती फळ्यासमोर मध्येच थांबली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

नराचा श्वास आता जोरात चालत होता. पाणी बिघडायला लागलं होतं.

गुरुवारी कॉलेज लवकर सुटलं. भर दुपारी ती घरी आली तर दार नुसतं लोटलेलं. आत मंजुळाबाई मागच्या पेटीसमोर पाटावर बसलेल्या, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. दिवा चालूच होता. त्याच्या खाली, अख्ख्या पेटीवर, चौपदरी घडी घातलेली काळी घोंगडी.

"आई!" सारिकानं घोंगडी ओढून फेकली. आत हिरव्याचा टिपूससुद्धा उरला नव्हता. तिला रडूच फुटलं. "जीव घ्यायचाय का त्याचा? काय वाकडं केलंय त्यानं तुमचं?"

मंजुळाबाई दचकल्या, पण वरमल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि पदरानं सुनेचे डोळे पुसायला लागल्या.

"रडू नको, बेटा. नवरातमा घटमाना गहू झाकीसनच ठेवतस ना? हिरवा ऱ्हायना ते देवी रुसनी, पिवळा व्हयना ते पावनी. त्या माशासंगे मी बी उपास धरा शे. तुना वखतले मी काहीच करं नही, पन आते ह्या लेकरं जगाले जोयजेत. अन् तू रोज हिरवं व्हवो, हिरवं व्हवो करस. म्हनीसन मी रोज देवीले सांगस, माय, मनी पोर अडानी शे, तिनं म्हननं आयकू नको."