गच्चीचा कठडा

कळंबला पर्यटकांना खोल्या भाड्याने द्यायला बांधलेल्या नव्या घराची घरभरणी होती. आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या रीतीने सासऱ्यांनी दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे तोराह या आमच्या धर्मग्रंथातली वचनं ठेवलेली डबी, ठोकली आणि तिला लावलेली बोटं ओठांना टेकवली. "बाबा, गच्चीला कठडा कधी?" मी विचारलं. "नाय करायचा गं. मुंबईची गिऱ्हाइकं डोंगर बघायला येतात, भिंत नाय." मी मराठीतली तोराह उघडून दाखवली: नवं घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करायचाच, कुणी पडून मेलं, तर दोष त्या घरावर. सासरे हसले. "जुन्या काळचं हाय ते. तोराह डोक्याला लावायची, तिथं डोकं नाय लावायचं." मी भडकले. "डबीला मान, आणि तोराहमधल्या या वचनाला नाही?" नुकत्याच चालू लागलेल्या लेकीची लाळ पुसून मी तिला त्यांच्या हातांत दिलं. "न्या गच्चीवर. सोडा खेळायला." त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं.