अंगठ्याची जागा

गॅरेजात बॉनेट उघडलेल्या दोन गाड्यांच्या मध्ये रंगाऱ्याने बायकोला उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. ती कालच बहिणीच्या आजारपणातून परतली होती, अंग अजून आंबलेलं होतं. पण याचा उत्साह असा काही उतू चालला होता की नाही म्हणायची सोय नव्हती.

"हं, आता उघड."

समोर टेबलावर, धुतलेल्या चादरीवर, तिची बास गिटार होती. मधोमध मधासारखा पिवळा, बाहेर जाता जाता तांबूस, काठाशी काळा. तिचा लाडका सनबर्स्ट, पण असा चकाचक की वरची ट्यूबलाइट त्यात सबंध दिसत होती.

या रंगावरून दोघांची लग्नापासून जुंपायची. त्याचं म्हणणं, बास असावी तर लाल, मेटॅलिक, जुन्या ऐटबाज गाड्यांवर यायचा तसा लाल. तिचं म्हणणं, गाडी लाल असो नाहीतर जांभळी, बासला सनबर्स्टच शोभतो. "तुझी ती तपकिरी पेटी," असं तो चिडवायचा. "तू आधी कान तपासून घे," असं ती म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. सुरातलं त्याला ओ की ठो कळत नसे. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला तो पहिल्या रांगेत बसायचा आणि हमखास पेंगायचा.

रंग मात्र त्याला कळायचा. द्यायचं तर तेवढंच त्याच्याकडे होतं, आणि तेही त्याने तिच्या आवडीचं दिलं होतं.

"लाल मारायला हात नुसते शिवशिवत होते," तो म्हणाला. "डबा समोरच होता. पण म्हटलं, नाही. तिची आवड ती तिची आवड."

ती जवळ गेली. वरच्या काठाला तिचा उजवा हात टेकायचा, तिथला रंग केव्हाच उडाला होता, उघडं लाकूड दिसायचं. आता तिथेही काळा काठ आणि तांबूस झाक होती. कुठे रेघ नाही, ओरखडा नाही.

"छान झालंय," ती म्हणाली. झालंच होतं छान.

"नुसतं छान काय म्हणतेस? वाजव की. संध्याकाळी स्टेजवर मिरवायचीय."

तिने पट्टा गळ्यात अडकवला आणि डोळे मिटले. ती डोळे मिटूनच वाजवायची. अंगठा आपोआप तारांच्या वरच्या बाजूला गेला. तिथे लाकडात एक खळी होती, अंगठा टेकून टेकून पडलेली. आपल्या घरात अंधारात दिव्याचं बटण सापडावं, तशी ती सापडायची. मग बोटं पुढचं सगळं बघून घ्यायची.

अंगठा घसरला. तिने तो परत ठेवला, तो परत घसरला. दोन-तीन सूर निघाले, तेही बिचकत.

"इथे खळगा होता," ती म्हणाली.

"होता तर. कधीतरी आपटली असणार तू." तो खुशीत होता. "नुसती पुट्टी भरून भागणारं काम नव्हतं. आजूबाजूचं लाकूड घासून खाली घेतलं, मग पुट्टीचा हात दिला. आता कोणाच्या बापाला कळणार नाही."

तिला रडूच फुटलं. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण याच्यावर रागवायचं तरी कसं? त्याच्या नखांत अजून तो तांबूस रंग होता.

"काय झालं? रंग चुकला का?"

"रंग नाही रे चुकला." तिने बाहीनेच डोळे पुसले. "ती आपटली नव्हती. माझा अंगठा होता तो."

रंगाऱ्याच्या धंद्यात खळग्याचा अर्थ एकच, कोणीतरी कुठेतरी धडकलंय. पण घासायच्या आधी या खळग्यावरून त्याने बोट फिरवलं होतं. ठोक बसलेल्या जागेची कड बोटाला लागते. याची लागली नव्हती, आतून पार गुळगुळीत होता. तेव्हा त्याला नवल वाटलं होतं, आणि तरीही त्याने पॉलिशपेपर उचलला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आण इकडे," तो घाईघाईने म्हणाला. "तुझ्या अंगठ्याचं माप घेतो आणि तेवढीच खळी कोरून देतो. अगदी तश्शी."

"तू कोरलीस तर ती तुझी होईल."

"मग?"

"मग काय? राहू दे. माझी मी करते." तिने उजवी बाही कोपराच्या वर सारली आणि उघडा हात त्या चकचकीत काठावर टेकवला. "संध्याकाळी सूर जरा इकडेतिकडे होतील. तुला काय, तू पेंगतच असणार."

तो हसला नाही. "किती वेळ लागतो त्याला?"

"मागच्या वेळी वीस वर्षं लागली."

रंगाऱ्याने कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. कोपऱ्यातला पुट्टीचा रिकामा डबा आणून तिच्यासमोर उपडा घातला आणि त्यावर बसला.

"कर मग सुरू," तो म्हणाला.