सर्व्हरचं गाऱ्हाणं

चिपळूणच्या पुरात शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या हार्ड डिस्क गेल्या, तरी संध्याबाईंनी ते भंगारात जाऊ दिले नाहीत. एकच नवा सर्व्हर आणला. बिनडिस्कचे बाकी सगळे आता त्याच्याच डोक्यानं चालणार होते. बटण दाबायच्या आधी शिपाई गंगारामकाकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलंच, "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या खोक्यांना वाचा फुटू दे!"

"व्हय म्हाराजा!" पोरं गरजली. बाई तेवढ्या हसून गप्प राहिल्या.

बटण दाबलं. एकामागून एक पडदे उजळले, कोपऱ्यातला मात्र काळाच. बाई घामाघूम.

"बाई, तुमचा 'व्हय' ऱ्हायला ना!" काका म्हणाले.

ढिली वायर घट्ट दाबत बाई पुटपुटल्या, "व्हय म्हाराजा."

पडदा लखलखला. बाईंचा पुढचा "व्हय म्हाराजा" थेट बाजारपेठेत ऐकू गेला.